भुशावर उभं राहिलेलं गाव : पेश्टिगो, विस्कॉन्सिन

तळ्यात_मळ्यात (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०:१५

लेकीच्या शाळेतून सप्टेंबरअखेरीस चिठ्ठी आली : ऑक्टोबरात 'फायर प्रिव्हेन्शन वीक' आहे, घरातले स्मोक अलार्म तपासा आणि सही करून पाठवा. हाच आठवडा का गं, असं विचारलं तर उत्तर तयार होतं. १८७१ साली शिकागो जळालं, कारण ओलिअरी बाईंच्या गायीने कंदिलाला लाथ मारली. (गायीवरचा आळ खोटा. शिकागोच्या नगरपरिषदेने १९९७ मध्ये ठराव करून तिला निर्दोष सोडलंय.)

आम्ही राहतो ग्रीन बेला. इथून उत्तरेला तासाभरावर पेश्टिगो नावाचं गाव आहे. शिकागो पेटलं त्याच रात्री, ८ ऑक्टोबर १८७१ च्या रविवारी, हे गाव तास-दीड तासात संपलं. शिकागोत माणसं गेली ३०० च्या आसपास. पेश्टिगोत आणि भोवतालच्या वस्त्यांत कमीत कमी १,२००, आणि काहींच्या अंदाजाने २,५०० पर्यंत. अमेरिकेत वणव्याने एवढे बळी ना आधी घेतले ना नंतर. आणि तासाभरावरच्या शाळेत पोरांना गाय शिकवतात! म्हटलं, चल, दाखवतेच तुला. म्युझियम ८ ऑक्टोबरनंतर हिवाळ्यासाठी बंद होतं, म्हणून लगेचच्या शनिवारी गाडी काढली.

म्युझियम म्हणजे एक जुनं छोटं चर्च, शेजारी दफनभूमी. आगीतून वाचलेल्या वस्तू फार नाहीत, कारण वाचलंच फार नाही. पण त्याकडे नंतर येते. आधी गाव कसं उभं राहिलं ते सांगायला हवं, नाहीतर ती रात्र नुसती भुताची गोष्ट होते.

ही सगळी जमीन इथल्या मूळनिवासी मेनॉमिनी लोकांची. १८३६ च्या तहात त्यांच्याकडून मोठा मुलूख सुटला, आणि मग पूर्वेकडचे लाकूडवाले नदीच्या कडेने वर सरकू लागले. पेश्टिगो नदी ग्रीन बेच्या आखाताला मिळते, आखात मिशिगन सरोवराला, आणि सरोवराच्या दक्षिण टोकाला शिकागो. त्या काळी शिकागो हा लाकडाचा जगातला सगळ्यात मोठा बाजार होता, कारण पश्चिमेच्या गवताळ सपाटीवर घर बांधायला झाडच नव्हतं. म्हणजे वर जंगल, मधे पाणी, खाली गिऱ्हाईक. १८५६ मध्ये विल्यम ऑग्डेनने इथला धंदा विकत घेतला. हा शिकागोचा पहिला महापौर (१८३७), रेल्वेचा बडा माणूस, पुढे युनियन पॅसिफिकचा पहिला अध्यक्ष. स्थानिक कारभार पाहायला आयझॅक स्टीफन्सन. तो नंतर सिनेटर झाला.

कंपनीने नुसती सॉ मिल टाकली नाही. बादल्या, टब, झाडूचे दांडे, कपडे वाळत घालायचे चिमटे, छपराच्या लाकडी पट्ट्या बनवणारा मोठा कारखाना काढला. कंपनीचं दुकान, कंपनीची खानावळ-वसतिगृह, बंदरापर्यंत कंपनीची स्वतःची छोटी रेल्वे. १८७१ पर्यंत गावात १,७०० ते २,००० माणसं. स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन, आयरिश, कॅनडातून आलेले फ्रेंच. बरेचजण नुकतेच आलेले, एकटे, हंगामी.

आता गाव डोळ्यांसमोर आणा. घरं लाकडाची, छपरं लाकडी पट्ट्यांची, फुटपाथ फळ्यांचे, पूल लाकडी. धूळ-चिखल नको म्हणून रस्त्यावर भुसा. गादीतही भुसा. कारखान्याभोवती ढलप्यांचे ढीग. गावाबाहेर पाइनचं जंगल, आणि तोडलेल्या भागात उरलेल्या शेंड्या-फांद्यांचा कमरेएवढा पसारा. लाकूड नाही अशी गोष्ट गावात एकच, नदी. आणि तिच्यातही ओंडके तरंगत होते.

त्या वर्षी जुलैपासून पाऊस जवळपास नाहीच. ओढे आटले, दलदलीची जमीन वाळून तिच्यातली मुळं आतून धुमसायला लागली. तरीही कामं थांबली नाहीत. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा फाटा उत्तरेकडे न्यायचा होता, तिचे मजूर झाडोरा तोडून जागच्या जागी पेटवत होते. शेतकरी जमीन मोकळी करायला पेटवत होते. सप्टेंबरच्या २३-२४ तारखेला आग गावाच्या वेशीपर्यंत आली, लोकांनी नदीचं पाणी ओतून ती परतवली, आणि सगळ्यांना वाटलं की सुटलो.

त्या रात्रीचा सगळ्यात तपशीलवार साक्षीदार म्हणजे गावचा कॅथलिक पाद्री, फादर पीटर पर्निन, मूळचा फ्रान्सचा. संध्याकाळी हवा इतकी जड आणि पश्चिमेकडे लाल, की त्याने अंगणात खड्डा खणून पेट्या पुरायला घेतल्या. नैऋत्येकडून घरघर ऐकू येत होती, लांबून आगगाडी यावी तशी. शेवटी घोडा मोकळा सोडला, चर्चमधली पवित्र पेटी गाड्यावर ठेवली आणि गाडा स्वतःच ओढत नदीकडे निघाला. पुलावर काय चाललं होतं? पूर्वेकडचे पश्चिमेकडे पळत होते, पश्चिमेकडचे पूर्वेकडे. दोघांनाही वाटत होतं की पलीकडे वाचू. गुरं, गाड्या, बायकापोरं, सगळं मधे अडकलेलं. आणि पूलही पेटलेला.

काठावर पोचला तर माणसं पुतळ्यासारखी उभी. कुणी वर बघतंय, कुणी जीभ बाहेर काढून. जगबुडी आलीच आहे तर पळून काय करायचं, असं कित्येकांना खरंच वाटत होतं. याने त्यांना धरून धरून पाण्यात ढकललं. मग साडेपाच तास ते सगळे गळ्यापर्यंत पाण्यात. डोकं वर काढलं की चेहऱ्यावर ज्वाळा, म्हणून सतत तोंडावर पाणी मारायचं, डोक्यावर ओली घोंगडी, तीही मिनिटात वाळायची. वरून भाजत होतं आणि खालून ऑक्टोबरची नदी. आगीतून वाचलेले काहीजण त्या गारठ्याने गेले.

पहाटे साडेतीनच्या सुमाराला ते बाहेर आले तेव्हा गाव नव्हतं. राख होती.

ती पवित्र पेटी पुढे नदीत एका ओंडक्यावर अडकलेली सापडली, पांढरी स्वच्छ. आज म्युझियममध्ये काचेत ठेवलीय. लेक तिच्यापुढे बराच वेळ उभी होती. मी मात्र शेजारच्या दफनभूमीत अडकले. तिथे एका खड्ड्यात साडेतीनशेहून जास्त माणसं एकत्र पुरलीत. ओळख पटवायला कुणी उरलंच नव्हतं. १९५१ मध्ये विस्कॉन्सिनने इतिहासाच्या पाट्या लावायला सुरुवात केली, तेव्हा पहिली पाटी इथे लागली.

तुमच्यापैकी कुणी गेलंय का तिथे? आणि अशी लाकडावर जगलेली, लाकडानेच गिळलेली गावं आणखी माहीत आहेत का? लिहा.

---

चिंचोका | शनिवार, रात्री ११:०२

वाखूसा (वाचनखूण साठवली)!
११ वर्षं शिकागोत काढली, त्यातली सहा ऑग्डेन अ‍ॅव्हेन्यूवरून ऑफिसला जाण्यात. हा ऑग्डेन कोण, असा प्रश्न एकदाही पडला नाही. म्हणजे या माणसाचं शिकागोतलं घर आणि पेश्टिगोतला कारखाना एकाच रात्रीत गेला?

---

तळ्यात_मळ्यात | शनिवार, रात्री ११:२०

हो, एकाच रात्रीत. वय तेव्हा ६६. पेश्टिगोला येऊन त्याने पुन्हा बांधायचं ठरवलं. सॉ मिल उभी राहिलीही, बादल्यांचा कारखाना मात्र परत झाला नाही. आणि पुढचा विनोद बघा. जळालेलं शिकागो बांधायला लाकूड लागणार होतं. ते येणार होतं याच आखाताकाठच्या आणि मिशिगनच्या गिरण्यांतून.

---

वखारवाला | रविवार, सकाळी ७:४८

सांगलीकडची तीन पिढ्यांची वखार आमची, म्हणून या धाग्यावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पहिलं म्हणजे पाइनच का? ओक, मेपल ही लाकडं जास्त टिकाऊ. पण ती ओली असताना पाण्यात बुडायला बघतात. व्हाइट पाइन हलकं, सरळ, गाठी कमी, आणि मस्तपैकी तरंगतं. रेल्वे नसलेल्या जंगलातून माल काढायचा तर नदी हीच गाडी, मग तरंगेल तेच सोनं.

दुसरं, ते लोक मोजतात बोर्ड फुटात. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. म्हणजे आपल्या घनफुटाचा बारावा भाग. तिकडचे आकडे वाचताना १२ ने भागा, नाहीतर डोळे पांढरे होतील. (भागूनही होतातच.)

तिसरं भुशाचं. भुसा ढिगात असताना वरून शांत दिसतो. ठिणगी आत गेली की दिवसचे दिवस आतल्या आत जळतो, धूरसुद्धा धड दिसत नाही. आजोबांच्या वेळेपासून वखारीच्या फाटकाच्या आत विडी बंद, मग तो गिऱ्हाईक असो की जावई. आणि पाइनमध्ये राळ. राळवाला भुसा रस्त्यावर पसरणं म्हणजे वातीवर गाव बसवणं.

एक प्रश्न : शेंड्या-फांद्या तशाच का टाकायचे? आमच्याकडे ढलपीसुद्धा जळणाला विकली जाते.

---

तळ्यात_मळ्यात | रविवार, सकाळी ९:३०

वखारशेठ, क्या बात! घनफुटाचं गणित वरच टाकायला हवं होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात : वाहतूक. तोड चालायची हिवाळ्यात. जंगलात तात्पुरत्या छावण्या, तिथे रस्त्यावर रात्री पाणी शिंपडून बर्फ करायचा, म्हणजे ओंडक्यांनी लादलेली घसरगाडी घोडे सहज ओढतात. माल नदीकाठी रचून ठेवायचा आणि वसंतात बर्फ वितळून पाणी चढलं की सोडून द्यायचा. प्रत्येक कंपनी ओंडक्याच्या टोकावर हातोड्याने आपली खूण ठोकायची, आपल्याकडे गुरांना डाग देतात तशी, आणि खाली नदीच्या मुखाशी खुणेवरून वाटणी. या सगळ्या खटाटोपात परवडायचं फक्त सरळ खोड. फांदी ५० मैल आणून विकणार कुणाला? जंगलात जळण फुकट होतं, त्यामुळे ते कुणाचंच नव्हतं.

ओंडक्यांवरून उड्या मारत, काटेरी बूट घालून, हातात आकडा लावलेला दांडा घेऊन मालाबरोबर खाली येणारी पोरं वेगळीच. कोंडी झाली की त्यातला एक कळीचा ओंडका हलवायचा आणि मग जीव घेऊन पळायचं. त्यांच्यावर स्वतंत्र धागा होईल.

---

दीडशहाणा_०७ | रविवार, सकाळी १०:११

तुम्ही मुख्य मुद्दाच सोडलात. एकाच रात्री शिकागो, पेश्टिगो, मिशिगनमधली हॉलंड, मॅनिस्टी. शेकडो मैलांच्या अंतरावर. गायीने लाथ मारली तर एका गावात मारेल. हे धूमकेतूचं काम आहे. बिएलाचा धूमकेतू तुटला होता, त्याचे तुकडे पडले. १९व्या शतकातच एका अमेरिकन नेत्याने हे मांडलंय, पण दाबलं गेलं.

---

रानजाई | रविवार, सकाळी १०:४०

दाबलं कसलं, इग्नेशियस डॉनेलीने १८८३ मध्ये छापून विकलं. हेच गृहस्थ अटलांटिस खरंच होतं असंही लिहीत.

अंतराळातला दगड हवेत क्षणभर चमकतो, पण जमिनीवर पडतो तोवर साधारण थंडच असतो. त्याने गवत पेटत नाही. आणि एकाच रात्री सगळीकडे का, याचं उत्तर अगदी साधं आहे. सगळ्या भागात तीन महिन्यांचा दुष्काळ होता, सगळीकडे छोटे वणवे आधीच धुमसत होते, आणि त्या दिवशी मध्यपश्चिमेवरून हवेची एक मोठी थंड आघाडी सरकली. तिच्यापुढचा जोरदार नैऋत्येचा वारा सगळ्या निखाऱ्यांवर एकदम फुंकर घालून गेला. चूल तीच, फुंकणी मोठी.

मोठी आग झाली की तिच्यावरची हवा तापून वर जाते, ती जागा भरायला चारी बाजूंनी वारा आत धावतो, आणि आग स्वतःचंच वादळ तयार करते. वाचलेल्यांनी आगीची भोवरी पाहिल्याचं सांगितलंय. छपरं उचलली गेली, झाडं उपटली गेली. ही वर्णनं धूमकेतूची नाहीत.

---

दीडशहाणा_०७ | रविवार, सकाळी १०:५५

असो. मोकळ्या मनाने वाचा एवढंच म्हणेन.

---

बिब्बा | रविवार, दुपारी २:२०

नमस्कार. वनखात्यात ३१ वर्षं, त्यातली बरीचशी गडचिरोली-चंद्रपूरकडे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी मार्च आला की नाक आपोआप धूर शोधतं.

आपल्याकडचा वणवा बहुतेक जमिनीलगत जातो. सागाची पानगळ झालेली, पातेरा वाळलेला. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तिथून सुटतो. तो झाडाच्या बुंध्याला चाटून जातो, रोपं मारतो, पण शेंड्यावर सहसा चढत नाही. म्हणून पंधरा माणसं हिरव्या फांद्या घेऊन झोडपून विझवू शकतात. आम्ही उन्हाळ्याआधी जाळरेषा घेतो, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून स्वतःच जाळून टाकायचा, की पुढे आगीला खायला काही नको.

पाइनचं वेगळं. सुया वाळलेल्या, राळ भरलेली, आणि खाली माणसाने रचून ठेवलेला पसारा. तो पसारा म्हणजे शिडी. जमिनीवरची आग तिच्यावरून शेंड्याला जाते आणि मग शेंड्याशेंड्यांनी धावते. तिच्यापुढे झोडपणी काही कामाची नाही. ताईंनी लिहिलंय की सप्टेंबरमध्ये लोकांनी आग परतवली आणि सुटलो वाटलं. मला ते वाक्य सगळ्यात जास्त लागलं. जमिनीखालची मुळं धुमसत असताना विझलेली आग ही विझलेली नसते. हात घालून बघावं लागतं.

ही नैसर्गिक आपत्ती नव्हे. पाऊस न पडणं निसर्गाचं. बाकी सगळं त्यांच्या जमाखर्चात होतं, फक्त खर्चाच्या बाजूला कुणी लिहिलं नव्हतं.

---

उलटा_चष्मा | रविवार, दुपारी ३:०५

बिब्बाकाका, आदर ठेवून असहमत.

१५० वर्षांनंतर कंपनीला खलनायक करणं सोपं आहे. पेटवत तर सगळेच होते. कोकणात आमच्या घरी अजून राब भाजतात (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात), त्यातून डोंगर पेटल्याच्या घटना दरवर्षी. म्हणून माझा आजोबा गुन्हेगार का? जमीन साफ करायला आग हेच तेव्हाचं हत्यार. शिवाय त्याच कंपनीने पगार दिला म्हणून ती दोन हजार माणसं तिथे होती.

---

तळ्यात_मळ्यात | रविवार, संध्याकाळी ६:१०

चष्मासाहेब, तुमचे आजोबा राब भाजताना कडेने पट्टा साफ करायचे, वारा बघायचे आणि घागर भरून ठेवायचे, पैज लावते. कारण डोंगर त्यांचा होता आणि पुढच्या वर्षीही तिथेच राहायचं होतं. इथे जंगल हा एकदाच वापरायचा माल होता. तोडा, पुढे सरका.

रेल्वेचंही बघा. ती आणणार होती तो मालाचा नवा रस्ता, आणि ऑग्डेन त्याच नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा पूर्वी कित्येक वर्षं अध्यक्ष होता. दुष्काळात दोन महिने जाळणं थांबवा, असं म्हणू शकणारे मोजके लोक होते, त्यातला तो एक. शुगर बुश नावाच्या वस्तीतला चाळीस एकरवाला शेतकरी ते म्हणू शकत नव्हता. आणि मेला तोच जास्त : शुगर बुशच्या शेतांवर नदी नव्हती. काहीजण विहिरीत उतरले आणि तिथेच गुदमरले.

खलनायक नाही म्हणत मी. पण 'सगळेच करत होते' हे उत्तर मला दफनभूमीत उभं राहून पुरेना.

---

उलटा_चष्मा | रविवार, संध्याकाळी ६:३२

घागरीची पैज तुम्ही जिंकलात. बाकीचं विचार करतो.

---

हिमगौरी | रविवार, रात्री ८:४५

मिनेसोटातून लिहितेय. पेश्टिगोने शहाणपण आलं असेल असं कुणाला वाटत असेल तर आमच्याकडचं ऐका.

हिंकली. पाइनवर जगणारं गाव, सॉ मिल, रेल्वे, सगळं तेच. १ सप्टेंबर १८९४, कोरडा उन्हाळा, तोडीचा पसारा. तासाभरात गाव गेलं, ४१८ हून जास्त मृत. तिथल्या दोन गोष्टी इथल्या पोरांना शाळेत सांगतात. जिम रूट नावाच्या इंजिन ड्रायव्हरने पेटलेली गाडी उलटी मागे नेत स्कंक लेक या उथळ तळ्यापर्यंत पोचवली आणि प्रवासी चिखलात उतरून वाचले. आणि तारमास्तर थॉमस डन गाड्यांना इशारे देत जागेवर बसून राहिला, त्याला निघायला वेळ उरला नाही.

मग क्लोके, १२ ऑक्टोबर १९१८. पुन्हा लाकडाचं गाव, पुन्हा दुष्काळ, ठिणग्या रेल्वेच्या. साडेचारशेच्या वर माणसं. पेश्टिगोनंतर ४७ वर्षांनी!

---

चिंचोका | रविवार, रात्री ९:१०

मिशिगनच्या सिंगापूरबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? कलामाझू नदीच्या मुखाशी, सॉगटकजवळ सिंगापूर नावाचं लाकूडगाव होतं. ते जळालं नाही. उलट १८७१ च्या आगीनंतर शिकागोला, हॉलंडला लाकूड पुरवण्याच्या भरात त्यांनी भोवतालची सगळी झाडं कापली. झाडं गेली तशी वाऱ्याला अडवणारं काही उरलं नाही, सरोवराकाठची वाळू आत शिरली आणि १८७५ च्या सुमाराला गाव ओस पडलं. आज ते टेकड्यांखाली आहे. आम्ही पिकनिकला जायचो तेव्हा पोरांना सांगायचो, पायाखाली सिंगापूर आहे. पोरं म्हणायची, एअरपोर्ट कुठाय?

---

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ८:१५

लेख आवडला. एक दुरुस्ती सुचवते. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की पेश्टिगोची आग ग्रीन बेचं आखात ओलांडून पलीकडच्या डोर द्वीपकल्पावर गेली. तुम्ही तसं लिहिलं नाहीत ते बरं केलंत, पण पलीकडचा उल्लेखच नाही. पाणी खूप रुंद आहे. पलीकडेही वणवे आधीपासून धुमसत होते, तोच वारा तिथेही गेला. विल्यमसनव्हिल ही छपराच्या पट्ट्या बनवणाऱ्या गिरणीची छोटी वस्ती, तिथल्या ७७ जणांपैकी ६० गेले.

त्या बाजूला बेल्जियमहून आलेल्या वालून लोकांची शेतं होती. लाकडी घरं जळाल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याचजणांनी लाल विटांची बांधली. तिकडून गाडीने जाल तर अजून दिसतात. तिथेच चॅम्पियनजवळ मेरीचं देऊळ आहे. आग आली तेव्हा लोक गुरांसकट त्या आवारात जमले, मूर्ती घेऊन प्रदक्षिणा घालत राहिले आणि आवार वाचलं अशी श्रद्धा. फादर पर्निननेही त्याबद्दल लिहिलंय.

मृतांच्या आकड्यांत एवढा फरक का असतो हो?

---

तळ्यात_मळ्यात | सोमवार, दुपारी १२:४०

पाटीपेन्सिल, आभार, वालूनांचा भाग मला माहीतच नव्हता.

आकड्यांचं : १८७३ मध्ये विधिमंडळापुढे जी यादी गेली तीत मृत किंवा बेपत्ता म्हणून १,१८२ नावं आहेत. पण गावातल्या नोंदी गावाबरोबर जळाल्या. मजूर हंगामी, काहीजण त्याच आठवड्यात आलेले. ज्याला ओळखणारी सगळी माणसं त्याच रात्री मेली त्याचं नाव सांगणार कोण? म्हणून वरचा आकडा २,५०० पर्यंत जातो. जळालेला टापू १२ लाख एकरांचा, म्हणजे आत्ताच्या ठाणे जिल्ह्याहून थोडा मोठा.

आणि बातमी पोचायलाही दोन दिवस लागले, तारा जळाल्या होत्या. १० ऑक्टोबरला मॅडिसनला तार आली तेव्हा गव्हर्नर फेअरचाइल्ड आणि त्यांचे अधिकारी मदत घेऊन शिकागोला गेलेले. राजधानीत त्यांची पत्नी फ्रान्सिस, पंचविशीच्या आसपासची. तिने शिकागोला निघालेला मदतीचा रेल्वे डबा उत्तरेकडे वळवला, आणि थंडी आहे म्हणून गावातल्या बायकांकडून घोंगड्या गोळा करून त्यात भरल्या. कसला अधिकार होता तिच्याकडे? काहीच नाही. लेकीला ही बाई गायीपेक्षा आवडली.

---

रानजाई | सोमवार, रात्री ९:२५

पुढचं कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

आग लागली म्हणून तोड थांबली, असं अजिबात झालं नाही. विस्कॉन्सिनची लाकूडतोड शिगेला पोचली ती त्यानंतर, १८९० च्या दशकात. पाइन संपत आलं तशा कंपन्या दक्षिणेत आणि पॅसिफिककडे गेल्या आणि खुंटांनी भरलेली जमीन शेती करा म्हणून स्थलांतरितांना विकली. वाळूमिश्रित माती, छोटा उन्हाळा, शेती चालली नाही. कर थकले, जमिनी कौंटीकडे परत आल्या. १९२७ च्या कायद्याने त्यांची कौंटी-वनं झाली, १९३० च्या मंदीत बेकार तरुणांच्या छावण्यांनी तिथे रोपं लावली. आज उत्तरेत जे 'घनदाट जंगल' बघून आपण फोटो काढतो ते बहुतेक तेव्हापासूनचं.

अपवाद एकच, आणि तो पेश्टिगोपासून फार लांब नाही. मेनॉमिनी लोकांनी मुलूख गमावून १८५४ मध्ये वुल्फ नदीकाठी जो तुकडा राखला, सुमारे २,३५,००० एकर, तिथेही ते लाकूडच कापतात. निओपिटला त्यांची सॉ मिल १९०८ पासून. पण म्हातारं, रोगट आणि पडायला आलेलं आधी, आणि वाढीपेक्षा जास्त कधी नाही. तेव्हापासून २ अब्ज बोर्ड फुटांहून जास्त लाकूड निघालं, आणि आज उभं असलेलं लाकूड सुरुवातीपेक्षा जास्त आहे. उपग्रहाच्या चित्रात त्यांची हद्द सरळ रेषेत कापल्यासारखी गर्द दिसते. १९६१ मध्ये सरकारने त्यांचा जमात म्हणून दर्जाच काढून घेतला होता, तो १९७३ मध्ये लढून परत मिळवला. जंगल तेवढ्यात विकलं गेलं असतं, थोडक्यात वाचलं.

---

बिब्बा | सोमवार, रात्री १०:०२

रानजाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वाढीपेक्षा जास्त कधी नाही. आमच्या कार्य-आयोजनेच्या (जंगलातून कधी, किती काढायचं त्या योजनेच्या) जाड पुस्तकाचं पहिलं पान हेच म्हणतं. पहिलंच पान म्हणतं.

---

वखारवाला | मंगळवार, सकाळी ७:३०

गावाचं आता काय? अजून लाकूड आहे का तिथे?

---

तळ्यात_मळ्यात | मंगळवार, सकाळी ८:०५

सॉ मिलनंतर कागदाची गिरणी आली, तीही आता नाही. वस्ती साडेतीन हजारांच्या आत. साधं गाव, पेट्रोल पंप, शाळा, नदीत मासे धरणारे म्हातारे. लाकडाचं म्हणाल तर म्युझियममध्ये एक गोष्ट ऐकली जी तुमच्यासाठीच राखून ठेवली होती. त्या रात्री अख्ख्या गावात एकच घर उभं राहिलं असं सांगतात. बांधकाम चालू होतं आणि फळ्या नुकत्याच कापलेल्या, ओल्या होत्या.

---

वखारवाला | मंगळवार, सकाळी ८:२२

४० वर्षं धंद्यात आहे. ओला माल दिला म्हणून गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्यात, दारं फुगली म्हणून पैसे परत केलेत. हे प्रिंट काढून गल्ल्यामागे लावतो.